सुताराची परीक्षा



वसंत व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, फार तर राजकारण, असे विषय डोळ्यांपुढे येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली, आणि पुढे ती गावोगावी पसरली. अशा व्यासपीठावर रंधा, पटाशी आणि गुण्या यांना जागा कोठून मिळाली, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु देहूरोडला हा विषय परका नाही. आपल्या एका अंगाला लष्कराचे कोठार आणि दारूगोळ्याचा कारखाना, दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, आणि थोडे पलीकडे चाकण. येथील घराघरांत कोणी ना कोणी कसल्या तरी ‘ट्रेड’ची परीक्षा दिलेली आहे, देत आहे, किंवा मुलाला देण्यास लावीत आहे. त्यांतल्याच एका परीक्षेविषयी, सुतारकामाच्या परीक्षेविषयी, मी आज बोलणार आहे.

पहिलाच प्रश्न असा की, सुताराला परीक्षा कशाला? बापाच्या हाताखाली मुलगा शिकला, त्याने केलेले दार नीट लागले, खुर्ची डुगडुगली नाही, म्हणजे झाली परीक्षा! हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुन्या गावगाड्यात सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, बैलगाडी त्याने करावी, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर त्याचे बलुते त्याला मिळावे. त्याच्या कामाचा परीक्षक सारा गाव. परंतु या व्यवस्थेत दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, सुताराचा मुलगाच सुतार होणार. आणि दुसरी, तो त्याच गावात राहणार. आज या दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. लातूरचा मुलगा चाकणला येतो, आणि ज्याच्या घराण्यात कोणी करवत धरली नाही असा मुलगा सुतारकाम शिकतो. चाकणच्या मुकादमाला त्याचा बाप ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. मग त्याच्या हाताची साक्ष द्यावयाची कोणी? ती साक्ष म्हणजे प्रमाणपत्र.

हे बोलताना आपल्याच गावातली एक गोष्ट मनात येते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि युद्धकाळातील कारागीर-शिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. जन्माने मिळणारा धंदा आणि शिकून मिळवलेला धंदा यांतले अंतर या गावाला मी समजावून सांगावे, असे मुळीच नाही. परीक्षेच्या टेबलावर सांधा ठेवला, की तो कोणाच्या मुलाने केला हे विचारले जात नाही. तो काटकोनात आहे की नाही, एवढेच विचारले जाते. परीक्षेची ही मोठी थोरवी आहे, आणि तिचे दोष सांगण्यापूर्वी ती मान्य केली पाहिजे.

आता ही परीक्षा आहे तरी कशी, ते पाहू. स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, त्यातून आपल्या परिचयाच्या आय.टी.आय. उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आय.टी.आय.मधला सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, आणि त्याला आठवी उत्तीर्ण मुलगा किंवा मुलगी बसू शकते. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते. तिच्यात प्रात्यक्षिक तर आहेच. शिवाय धंद्याची तात्त्विक माहिती, कारखान्यातील गणित व विज्ञान आणि रेखाचित्र यांचीही परीक्षा असते. प्रात्यक्षिकात शंभरांत ६० गुण मिळाल्याशिवाय उत्तीर्ण होता येत नाही; इतर विषयांत ३३ पुरतात. या दोन आकड्यांतच परीक्षेचा सारा आशय आहे. पुस्तक थोडे कच्चे असले तर चालेल, हात कच्चा चालणार नाही!

असे असूनही चांगल्या हाताची मुले नापास होतात. का होतात? कारखान्यातल्या आणि साइटवरच्या मुलांशी बोलून मला जी कारणे दिसली, ती मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले कारण भाषेचे. आपला मुलगा रंधा जाणतो, पण प्रश्नात येते ‘जॅक प्लेन’. तो गुण्या रोज हातात धरतो, पण कागदावर असतो ‘ट्राय स्क्वेअर’. खतकसाने रेघ मारतो, पण ‘मार्किंग गेज’ म्हटले की गोंधळतो. कुसू आणि खाच यांचा सांधा त्याने शंभर वेळा केला असेल. ‘मॉर्टाइज आणि टेनन’ हे त्याचेच नाव आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. यावर उपाय सोपा आहे. एक वही करावी. डाव्या बाजूला आपले नाव, उजव्या बाजूला पुस्तकातले नाव, आणि मध्ये हत्याराचे चित्र स्वतःच्या हाताने काढलेले. रोज पाच शब्द लिहिले तर दोन महिन्यांत तीनशे होतात, आणि सुतारकामाच्या परीक्षेला तेवढे पुष्कळ झाले.

दुसरे कारण मापाचे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, पण सुताराच्या तोंडातला ‘सूत’ काही गेला नाही. एका इंचात आठ सूत. म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. घरच्या कामात तो अगदी ठीक आहे. परंतु परीक्षेचे रेखाचित्र मिलिमीटरमध्ये असते. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडला आपण सर्रास ‘पाऊण इंची’ म्हणतो. खरा पाऊण इंच भरतो १९.०५ मिलिमीटर. एका फळीला एक मिलिमीटरचा फरक कोणास दिसणार? पण कपाटात अशा चार फळ्या एकापुढे एक आल्या की फरक चार मिलिमीटरवर जातो, आणि दार लागत नाही. म्हणून तयारी करणाऱ्याने तीन महिने तरी इंच विसरून मिलिमीटरमध्येच मोजावे आणि मिलिमीटरमध्येच विचार करावा.

तिसरे कारण गणिताचे. आणि येथे मी म्हणतो की, हे गणित परीक्षेसाठी नव्हे, पोटासाठी शिकावे. सात फूट लांब, सहा इंच रुंद आणि तीन इंच जाड अशी सागाची तुळई आहे. सात गुणिले सहा गुणिले तीन म्हणजे १२६. त्याला १४४ ने भागले की झाले ०.८७५ घनफूट. दर घनफुटाला चार हजार रुपये धरला तर किंमत साडेतीन हजार. ज्याला हे करता येत नाही, त्याला वखारवाला सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. किती सुतार वर्षानुवर्षे मजुरीत कमावतात आणि लाकडात गमावतात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ठेवला असता तर गणिताचा कंटाळा कोणीच केला नसता.

चौथे कारण लाकडाच्या स्वभावाचे. लाकूड तोडल्यावरही ते हवेतले पाणी घेते आणि सोडते. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलते, आणि वर्षवलयांच्या दिशेने जितके हलते त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे हलते. म्हणून आपल्या मावळच्या पावसाळ्यात दारे फुगतात आणि उन्हाळ्यात फळ्यांना भेगा पडतात. जुना सुतार चौकटीतली फळी खाचेत मोकळी ठेवतो, सरस लावून पक्की करीत नाही. का, असे विचारले तर म्हणतो, ‘तशीच रीत आहे.’ परीक्षा त्या रीतीमागचे कारण विचारते. ओल काढण्याची रीतही विचारते: ओला तुकडा ६० ग्रॅम, भट्टीत पुरता वाळवून ५० ग्रॅम, तर ओल कोरड्या वजनाच्या शेकडा २०. एवढी ओल असलेल्या लाकडाचे फर्निचर करू नये. कारण कळले की रीत अंगवळणी पडते, आणि नवा प्रसंग आला तरी माणूस अडत नाही.

आता प्रात्यक्षिकाच्या दिवसाविषयी. बहुतेक मुले चित्र हातात पडताच करवत उचलतात. तसे करू नये. पहिली काही मिनिटे नुसते चित्र वाचावे. आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारा देखावा समोरच्या देखाव्याच्या खाली काढलेला असतो; हे विसरले तर सांधा उलटा होतो. मग लाकूड पाहावे. गाठ कोठे आहे, रेषा कोणीकडे धावतात. एक पृष्ठ आणि एक कड रंध्याने अचूक करून त्यांवर खूण करावी, आणि पुढची सगळी मापे तेथूनच घ्यावी. सर्वसाधारण सांध्यात कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश ठेवावी. करवत रेघेवर चालवू नये, टाकाऊ बाजूने चालवावी. रेघ शिल्लक राहिली तर पटाशीने पुढे जाता येते, रेघच गेली तर मागे येता येत नाही. सांधा आधी कोरडा बसवून पाहावा. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तरच कोन बरोबर. हे सगळे झाल्यावर सरस.

आणखी एक गोष्ट. परीक्षक केवळ तयार वस्तू पाहत नाही. वर्षभराच्या मूल्यमापनात लाकूड किती वाया घालवले, हत्यारे कशी ठेवली, सुरक्षितता पाळली की नाही, हेही पाहिले जाते. पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत, हा नियम गुणांसाठी नाही, बोटांसाठी आहे!

येथवर मी परीक्षेची बाजू घेतली. आता तिच्या उणिवा. ठरलेल्या तासांत, दिलेल्या लाकडावर, दिलेल्या चित्रावरून काम करणे हे कसब खरेच. परंतु पन्नास वर्षांच्या वाकड्या भिंतीत नवी चौकट बसवणे, मोडकी खुर्ची मूळ लाकूड राखून सांधणे, गिऱ्हाइकाच्या अर्धवट बोलण्यावरून त्याला काय हवे ते ओळखणे, या गोष्टी त्या तासांत मोजता येत नाहीत. शिवाय छापील प्रश्नोत्तरे पाठ करून तात्त्विक भागात तरून जाणारेही असतात. तेव्हा प्रमाणपत्र म्हणजे उस्तादी नव्हे. जर्मनीत आजही काही सुतार उमेदवारी पुरी करून, पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव हिंडून काम करतात. तेथे परीक्षा हा शिक्षणाचा शेवट मानीत नाहीत, उंबरठा मानतात. आपणही तसेच मानावे.

कोणी विचारील, कारखान्यांत यंत्रे आली, घरांत तयार फर्निचर आले. मग सुतार हवा कोणाला? या पट्ट्यातच पाहा. ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचा करणारा सुतार लागतो, आणि बीड थंड होताना शेकडा सुमारे एकने आक्रसते म्हणून त्याला हजार मिलिमीटरच्या वस्तूचा साचा १०१० मिलिमीटरचा करावा लागतो. चाकणहून परदेशी जाणारी यंत्रे लाकडी खोक्यांत जातात. त्या लाकडातील कीड मरावी म्हणून गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे ठेवावे लागते, आणि तसा शिक्का मारावा लागतो. त्याशिवाय कित्येक देश तो माल बंदरात उतरू देत नाहीत. हात तोच आहे, पण त्याला आता आकडा, चित्र आणि नियम वाचता आला पाहिजे.

ज्यांचे शिकण्याचे वय गेले असे वाटते, त्यांच्यासाठीही वाट आहे. अनुभवी कारागिराचे पूर्वीचे ज्ञान तपासून दाखला देण्याची पद्धत आता आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा धंद्यांत सुतारकाम आहे. तिच्यात थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवलेली आहे. मात्र हा दाखला आणि आय.टी.आय.चे प्रमाणपत्र एक नव्हे, हे ध्यानात ठेवून आपल्याला कोणते हवे ते आधी ठरवावे.

शेवटी श्रोत्यांपैकी तिघांना माझी तीन मागणी आहेत. कंत्राटदारांना: आपल्याकडचा पोरगा परीक्षेला बसत असेल तर त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्या, तो शिकला तर तुमचेच लाकूड वाचेल. जुन्या कारागिरांना: त्याच्या पुस्तकाची टिंगल करू नका, तुमच्या हातातले त्याला द्या आणि त्याच्या वहीतले तुम्ही घ्या. आणि आईबापांना: दुसरीकडे कोठे जमले नाही म्हणून मुलाला सुतारकामाला घालू नका. ‘काहीच नाही तर सुतारकी’ हे वाक्य ज्याने घरात ऐकले, तो रंधा हातात धरण्यापूर्वीच अर्धा नापास झालेला असतो. एरवी ज्या परीक्षेत सांधा काटकोनात आहे एवढेच पाहिले जाते, त्या परीक्षेला मुलाने ताठ मानेने बसावे, आणि घरच्यांनी त्याला तसे बसू द्यावे.