साताऱ्याची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा आधी मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांत उभे राहण्याची सवय नाही. पण विषय साताऱ्याचा निघाला आणि वाटले, ज्या गावी आपण मेढ्याहून वर्षातून दहा वेळा एस. टी.ने जातो, त्याची आपल्याला काहीच माहिती नसावी हे बरे नव्हे. आपण जातो ते कापड घ्यायला, दवाखान्यात, नाहीतर कचेरीच्या कामाला. येताना पावशेर कंदी पेढे घेतो आणि स्टँडवर जागा धरायला धावतो. वर अजिंक्यतारा उभा असतो, पण मान वर कोण करते?

माझीही तीच गत होती. मग सासूबाई गेल्या. त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही संगम माहुलीला गेलो. आपल्या गावाजवळून वाहणारी ही वेण्णा कण्हेरच्या धरणातून पुढे जाते आणि तिथे कृष्णेला मिळते. "आपलं पाणी शेवटी माहुलीलाच जातं," असे सासूबाई नेहमी म्हणायच्या. पुरुषमंडळी विधीला बसली होती. मी जरा बाजूला गेले, तर एका पोराने आपणहून शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवली. मी विचारले, "बाबा, राण्यांच्या समाध्या कुठं?" तो म्हणाला, "ते नाय ठावं."

त्या मुक्या जनावराचा मी अनादर करीत नाही. इमानी होता म्हणूनच त्याची आठवण राहिली. पण मला रात्री झोप लागली नाही. मग मुलाच्या पुस्तकांतून आणि वाचनालयातून जमेल तसे वाचले.

सातारचा किल्ला औरंगजेबाने 1700 साली साडेचार महिने वेढा घालून घेतला. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज वारले. ताराबाई तेव्हा अवघ्या पंचवीस वर्षांच्या, पदरात लहान मूल. त्या बाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी लढाई चालवली. किल्ला परत मिळवला तो त्यांच्याच फौजेने, आणि अजिंक्यतारा हे नावही तेव्हाचेच असे सांगतात. पुढे शाहू महाराज मोगलांकडून सुटून आले, किल्ला त्यांच्याकडे गेला आणि 12 जानेवारी 1708 ला त्यांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. किल्ल्याखाली त्यांनी शहर वसवले. शनिवार, मंगळवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा पडल्या. मोठा राज्यकारभार चाले. पेशव्यांनाही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत.

पण शाहू महाराजांच्या आईंचे काय? रायगड पडला तेव्हा, 1689 साली, येसूबाई सात वर्षांच्या मुलासह कैदेत गेल्या. मुलगा 1707 मध्ये सुटला; आई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिली. त्या 1719 साली परत आल्या. तीस वर्षे झाली, बायांनो! आपला मुलगा पुण्याला नोकरीला गेला तर आपण आठ दिवस जेवत नाही. इकडे लेक राजा झाला, शहर वसले, आणि आई दिल्लीत दिवस मोजत होती. आल्यावर त्या साताऱ्यातच राहिल्या.

ताराबाईंचेही उतारवय याच किल्ल्यावर गेले, तेही पहाऱ्यात. तरी हिंमत कमी झाली नाही. 1750 मध्ये, पंच्याहत्तरीच्या घरात असताना, त्यांनी छत्रपती रामराजांनाच किल्ल्यावर अडकवून ठेवले. त्यांनी केले ते बरोबर की चूक, ते शिकलेल्यांनी ठरवावे. मला तर वाटते, आयुष्यभर दुसऱ्यांनी किल्ल्यावर ठेवलेल्या बाईच्या मनात एकदा तरी असे येणारच. 1761 साली, पानिपत झाले त्याच वर्षी, त्या साताऱ्यातच वारल्या.

पुढचा राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी 1824 मध्ये बांधला. इंग्रजांनी त्यांना 1839 मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवले आणि 1848 मध्ये राज्यच खालसा केले. त्याच वाड्यात नंतर शाळा भरली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्या शाळेत छोट्या भीमरावांचे, म्हणजे आपल्या बाबासाहेबांचे, नाव घातले. राजाच्या घरात शाळा आली हे वाचून मला फार बरे वाटले. मला आठवीला जाता आले नाही, म्हणूनही असेल.

आणखी एक. सातारकर कासचे पाणी पितात, ते आपल्या बाजूच्या डोंगरावरचे. त्याआधी यवतेश्वराचे पाणी खापरी नळांनी शहरात आणलेले होते. तेव्हा साताऱ्याला पाहुणे म्हणून जाताना फार संकोच करू नये!

माहुलीला मी पुन्हा गेले. एका वृद्ध गुरुजींनी ताराबाईंची समाधी दाखवली आणि येसूबाईंची मानतात तीही. मी दोन्हीकडे वेण्णेचे पाणी वाहिले, फूल ठेवले. सोबत कोणी नव्हते.

येत्या मार्गशीर्षात मंडळाची सहल काढायची आहे. महाबळेश्वर आपण तीनदा पाहिले. या वेळी माहुलीला जाऊ या, अशी माझी अध्यक्षबाईंना विनंती आहे. भाकरी घरून नेऊ. पेढे येताना घेऊ.