उन्हाच्या विजेचा जमाखर्च



उन्हात आपण मिरच्या वाळवतो. पापड वाळवतो. धान्याला ऊन दाखवतो. आता त्याच उन्हावर घरात दिवाही लागतो. खेड्यापाड्यांत पत्र्यावर आणि स्लॅबवर काळ्यानिळ्या काचेच्या प्लेटी दिसू लागल्या आहेत. आपण त्यांना 'सोलर' म्हणतो.

काही लोक म्हणतात, "ही वीज अगदी निर्मळ. धूर नाही, राख नाही." दुसरे म्हणतात, "कसली निर्मळ! प्लेट करायला कारखाना लागतोच. पुढे तिचा कचराही होतोच." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. तेव्हा आज आपण वहीची दोन पाने उघडू. एका पानावर जमा लिहू, दुसऱ्यावर खर्च. हा जमाखर्च पैशाचा नाही. हवा, पाणी आणि माती यांचा आहे.

आधी हे बघा, तारेतून येणारी वीज होते कुठे? दिवा लागतो तेव्हा आपल्या घरात धूर दिसत नाही. पण धूर निघतो. तो दूर निघतो, एवढेच. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ या ठिकाणी कोळसा जाळून वीज करतात. एक युनिट विजेला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. तीन किलो कोळसा जाळला, तर सुमारे एक किलो राख उरते.

ही राख जाते कुठे? पुष्कळशी राख पाण्यात कालवून मोठ्या तलावात सोडतात. २०२२ सालच्या जुलै महिन्यात नागपूरजवळ खसाळा येथे अशाच एका तलावाचा बांध पावसात फुटला. राखेचे पाणी शेतांत शिरले. दिवा एकाच्या घरी लागतो आणि राख दुसऱ्याच्या शेतात जाते, ती अशी.

कोळसा जळताना एक वायूही निघतो. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. हा वायू पृथ्वीभोवती घोंगडीसारखा राहतो. आतली ऊब तो बाहेर जाऊ देत नाही. घोंगडी जाड होत चालली, तसे ऊन वाढले आणि पाऊसमान बिघडले. ते आपण शेतात बघतोच आहोत.

कुणी म्हणेल, "मग धरणाची वीज बरी!" होय, तिला धूर नाही. पण कोयनेचे धरण झाले तेव्हा गावे पाण्याखाली गेली. लोकांना घरदार आणि देवळे सोडून जावे लागले. मंडळी, फुकटची वीज कुठेच नसते. तिची किंमत कुणीतरी भरतच असतो. प्रश्न एवढाच, की किंमत किती आणि ती कोण भरतो?

आता उन्हाच्या विजेचे जमेचे पान बघू.

घरावर एक किलोवॅटचे सोलर बसवले असे समजा. त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. वर्षाचा मेळ घातला, तर ते रोज सुमारे चार युनिट वीज देते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. वर्षाला झाली चौदाशे युनिटे. तेवढी वीज कोळशापासून करायची, तर सुमारे नऊ क्विंटल कोळसा जाळावा लागतो. प्लेट पंचवीस वर्षे चालते. वय वाढते तशी ती थोडी कमी वीज देते. ती घट धरली, तरी एका घरामागे दोनशे क्विंटल कोळसा वाचतो. साठ-पासष्ट क्विंटल राखही वाचते. हे पान चांगले भरले.

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे लहान गाव आहे. कोयनेचे धरणही त्याच तालुक्यात आहे. २०२४ साली ही वाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. त्याच साली केंद्र सरकारने घरावरच्या सोलरसाठी अनुदानाची योजना सुरू केली. त्या वेळी एक किलोवॅटला तीस हजार रुपये अनुदान ठरले. दोन किलोवॅटला साठ हजार, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या सोलरला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये ठरले.

आता खर्चाचे पान. तेही तितकेच नीट वाचू.

पहिला खर्च प्लेट बनवण्याचा. प्लेटीतला मुख्य पदार्थ सिलिकॉन. तो गारेच्या दगडापासून काढतात. त्यासाठी मोठी भट्टी लागते. भट्टीला कोळसा आणि पुष्कळ वीज लागते. जगातले असले बहुतेक कारखाने चीन देशात आहेत, आणि तिथली पुष्कळशी वीज कोळशाचीच असते. म्हणजे प्लेट आपल्या घरी येते ती कर्ज घेऊनच येते. पण हे कर्ज ती फेडते. तिला बनवायला जेवढी ऊर्जा लागली, तेवढी ती एक-दोन वर्षांत परत देते. पुढची वीस-बावीस वर्षे नफ्याची. मात्र ती प्लेट तेवढी वर्षे टिकली पाहिजे. माकडाने फोडली, वादळात उडाली, की सगळा हिशेब बिघडला. म्हणून सांगाडा पक्का बसवावा. धूळ साचली, तर सकाळी, प्लेट गार असताना, थोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी. बादल्याच्या बादल्या ओतू नयेत. पाणीही मोलाचे आहे.

दुसरा खर्च कचऱ्याचा. एक किलोवॅटच्या प्लेटींचे वजन पन्नास-साठ किलो भरते. त्यात बहुतेक काच असते, चौकट ॲल्युमिनियमची असते. थोडी चांदी, तांबे आणि किंचित शिसेही असते. पंचवीस वर्षांनी हा कचरा होईल. पण तुलना करून बघा. एकीकडे साठ क्विंटल राख, दुसरीकडे साठ किलो काच आणि धातू. शंभरात एक! शिवाय काच आणि धातू पुन्हा कामाला येतात. फुटकी प्लेट उकिरड्यावर टाकू नये. ती जाळू नये. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे जुन्या प्लेटींची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवा.

तिसरा खर्च सर्वांत मोठा, आणि त्याकडेच आपले लक्ष नसते. तो खर्च बॅटरीचा.

तारेला जोडलेल्या सोलरला बॅटरी लागतेच असे नाही. दिवसाची जादा वीज तारेत जाते. रात्री आपण तारेतून घेतो. मीटर दोन्हींची नोंद ठेवते. पण ज्या वस्तीवर तार पोचली नाही, तिथे बॅटरी हवीच. रॉकेलची चिमणी गेली, तिचा धूर गेला, भाजण्याचे भय गेले. हे थोडे नाही. पण प्लेट चालते पंचवीस वर्षे, आणि शिशाची बॅटरी चालते तीन ते पाच वर्षे. म्हणजे एका प्लेटीच्या आयुष्यात पाच-सहा बॅटऱ्या संपतात.

त्या जातात कुठे? दारावर भंगारवाला येतो. तो चार पैसे जास्त देतो. आपण खूश होतो. पण पुढे काय होते? कुठे तरी आडबाजूला बॅटरी फोडतात. आतले ॲसिड मातीत ओततात. शिसे उघड्या चुलीवर वितळवतात. त्याचा धूर आसपासच्या अंगणात बसतो. तिथे पोर खेळते. मातीचा हात तोंडात घालते.

शिसे हे विष आहे. त्याला वास नाही, चव नाही. पाणी उकळले तरी ते जात नाही. लहान मुलाच्या मेंदूची वाढ ते खुंटवते. पोटुशी बाई असेल, तर तिच्या गर्भालाही ते बाधते. पोर शाळेत मागे पडते आणि आपण म्हणतो, "त्याचं डोकंच चालत नाही!" पण दोष त्याच्या डोक्याचा नसतो.

तेव्हा जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. नवीन घेताना जुनीची किंमत वजा करून मिळते. दुकानातून ती परवानगी असलेल्या कारखान्यात जावी, असा नियम आहे. तिथे शिसे बंद भट्टीत काढतात आणि त्याचीच नवी बॅटरी होते. लिथियमची बॅटरी असेल, तर तिला खिळा मारू नका, ती फोडू नका. ती पेट घेते.

आणखी दोन गोष्टी सांगतो. प्लेटीवर सावली पडते म्हणून झाड तोडू नका. आधी प्लेटीची जागा बदलून बघा. आंब्याचे झाड उभे राहायला वर्षे लागतात, प्लेट हलवायला एक दिवस. दुसरे, रात्री तारेतून येणारी वीज अजून बहुतेक कोळशाचीच असते. म्हणून पाण्याची मोटर, मिक्सर, इस्त्री ही कामे दिवसा करा. "फुकट आहे" म्हणून दिवे जळत ठेवू नका.

आता दोन्ही पाने शेजारी ठेवा. जमा मोठी आहे, खर्च लहान आहे. उन्हाची वीज घेण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण उरलेला खर्च कोण भरणार, हे आपल्या हातात आहे. राखेचा भार खसाळ्याच्या शेतकऱ्यावर पडला. आपल्या बॅटरीचा भार कुणाच्या लेकरावर पडू नये.

ग्रामसभेत हा विषय काढा. गावातल्या जुन्या बॅटऱ्या एका कोरड्या, कुलूपबंद खोलीत जमवा. वर्षातून एकदा त्या दुकानदाराकडे एकत्र पोचवा. कुणी किती दिल्या, ते वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते. मग हा हिशेब आपणच ठेवूया.