बांबूच्या काठीपासून ऑलिंपिकपर्यंत

(हदगाव येथील विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



तलवारबाजीच्या खेळातील एका खेळाडूची आज आपणांस ओळख करून द्यावयाची आहे.

चेन्नईच्या भवानी देवी या एका पुजाऱ्याच्या कन्या. २००४ साली शाळेत खेळ निवडताना इतर खेळांतील जागा भरल्या होत्या. तलवारबाजीची तेवढी शिल्लक होती. खरी तलवार महाग, म्हणून सराव बांबूच्या काठीने होई. वयाच्या चौदाव्या वर्षी, तुर्कस्तानातील पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तीन मिनिटांच्या उशिरामुळे त्या बाद ठरल्या. त्यांनी खेळ सोडला नाही. थलश्शेरीच्या केंद्रात सागर लागू यांच्या मार्गदर्शनाखाली, कमरेवरील भागावर वार करण्याच्या 'सेबर' प्रकारात त्यांनी प्रावीण्य मिळविले. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरून त्या तेथवर पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. पहिली लढत त्यांनी १५-३ अशी जिंकली, दुसरी ७-१५ अशी गमावली. २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांना कांस्यपदक लाभले.

त्या शाळेच्या यादीत या खेळाचे नाव नसते, तर ही गुणवत्ता कोणासही कळली नसती. बांबू हदगावातही मिळतो. शाळेने जागा ठेवावी आणि पालकांनी मुलीलाही तेथे पाठवावे, एवढीच विनंती.