सोनकीचे नाव



आठवीच्या सहलीत बाईंनी पठारावरची पिवळी सोनकी वहीत चिकटवायला लावली आणि खाली नाव लिहून दिले, ‘सेनेसिओ ग्रहॅमाय’. कॉलेजच्या पुस्तकात मात्र ‘सेनेसिओ बॉम्बेएन्सिस’ होते. बाई चुकल्या, असे मी हसत सांगत सुटलो.

पुढे वनस्पतिशास्त्रच शिकलो आणि ओशाळलो. ‘ग्रहॅमाय’ हे नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेले होते. एका प्रजातीत एकच नाव दोघांना चालत नाही, म्हणून सोनकीला नवे मिळाले.

सेनेसिओ हे सूर्यफुलाच्या कुळातले मोठे घर. हजाराहून अधिक जातींचे. बियांवरचे पांढरे केस पाहून लॅटिनमधल्या ‘म्हातारा’ या शब्दावरून पडलेले हे नाव. डीएनए तपासल्यावर कळले, सारखे दिसणारे सगळे सख्खे नव्हते. युरोपातल्या काही जाती ‘जॅकोबिया’त गेल्या, कुंडीत लोंबणारी हिरव्या मोत्यांची वेल ‘क्युरिओ’त. सोनकी सेनेसिओतच राहिली.

शास्त्रात जुने नाव पुसत नाहीत. नव्यासोबत नोंदवून ठेवतात. बाई, ती वही आज आणली आहे. तुमच्या अक्षराखाली नवे नाव लिहिले आहे, तुमचे खोडलेले नाही. तेव्हा हसलो, त्याची माफी मागतो.