फळ्याच्या कोपऱ्यातली माहिती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला आपल्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. डॉक्टर, शेतकरी, बँकवाले यांचं काम सगळ्यांना समजतं. माझं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यातली एकच गोष्ट सांगतो.

एखादं सॉफ्टवेअर अनेक जण मिळून लिहितात. सगळ्यांचे भाग एकत्र करून, तपासून त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करण्याला आम्ही ‘बिल्ड’ म्हणतो. पूर्वी हे काम कुणीतरी आपल्या टेबलावरच्या संगणकावर हाताने करायचं. आता कुणी एक ओळ बदलली, की दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमधलं यंत्र आपोआप कामाला लागतं आणि निकाल कळवतं. जेन्किन्स, गिटहब ॲक्शन्स ही त्यासाठीची साधनं. यातली बरीच यंत्रं दर वेळी कोरी मिळतात आणि काम झालं की पुसली जातात.

अडचण इथेच सुरू होते. माझ्या संगणकावर वर्षानुवर्षं साठलेल्या सोयी असतात. कोणतं साधन कुठे ठेवलंय, कोणती भाषा, कोणती वेळ धरायची, हे त्याला माहीत असतं. कोऱ्या यंत्राला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून “माझ्याकडे तर चालतंय!” हे वाक्य आमच्या ऑफिसात सतत ऐकू येतं.

मग त्या यंत्राला सांगायचं कसं? आपल्या वर्गातला फळा आठवा. कोपऱ्यात वार, दिनांक, पट, हजर असं लिहिलेलं असायचं. नाव ठरलेलं, पुढचा आकडा रोज वेगळा. तासाला कुठलेही सर आले तरी त्यांना विचारावं लागत नसे. ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणजे नेमकं हेच. एक नाव आणि त्यापुढे एक किंमत. प्रोग्राम सुरू होताना ही यादी त्याच्या हाती पडते. १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे. ‘पाथ’ सांगतो की साधनं कुठे शोधायची, ‘जावा होम’ सांगतो की जावा कुठे ठेवलंय, ‘टीझेड’ सांगतो की घड्याळ कुठलं धरायचं.

ऐकायला सोपं आहे, पण खाचाखोचा आहेत. प्रत्येक प्रोग्रामला यादीची स्वतःची प्रत मिळते. त्याने तिच्यात केलेला बदल त्याला सुरू करणाऱ्यापर्यंत परत जात नाही. त्यामुळे पहिल्या पायरीत लिहिलेलं दुसऱ्या पायरीला दिसेलच असं नाही. दुसरं असं, की आपण स्वतः लॉग-इन केलं तर काही सेटिंगच्या फाइली वाचल्या जातात. आपोआप चालणाऱ्या कामात त्या पुष्कळदा वाचल्याच जात नाहीत. म्हणून दिवसा हाताने चालवलेलं काम रात्री आपोआप चालताना अडतं.

घड्याळाचंही तसंच. क्लाउडमधली बहुतेक यंत्रं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ, म्हणजे यूटीसी, धरतात. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे नवी तारीख असते आणि त्यांच्याकडे कालचीच. दिवसभर बरोबर असलेला तारखेचा हिशेब मध्यरात्रीनंतर चुकतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. याच यादीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही दिल्या जातात. २०२१ मध्ये कोडकोव्ह नावाच्या सेवेची एक छोटी स्क्रिप्ट हल्लेखोरांनी गुपचूप बदलली. ती अनेक कंपन्यांच्या बिल्डमध्ये चालायची. ३१ जानेवारीपासून ती त्या यंत्रांवरची ही सगळी यादी परक्या सर्व्हरकडे पाठवू लागली. १ एप्रिलला हा प्रकार उघडकीस आला. स्क्रिप्टची पडताळणी-खूण जुळत नाही, हे एका ग्राहकाच्या लक्षात आलं म्हणून! दोन महिने कुणालाच पत्ता नव्हता. फळ्यावर पट लिहावा, प्रश्नपत्रिकेच्या कपाटाची किल्ली तिथे टांगू नये.

म्हणून आम्ही काही नियम पाळतो. बिल्डला लागणाऱ्या प्रत्येक नावाची यादी, ते कशासाठी आहे यासह, कोडबरोबरच ठेवायची. गुप्त किंमती त्या यादीत लिहायच्या नाहीत, त्या वेगळ्या तिजोरीत ठेवायच्या आणि ज्या पायरीला लागतील तिलाच द्यायच्या. सुरुवातीलाच तपासायचं आणि एखादं नाव नसेल तर तिथेच थांबून ते स्पष्ट सांगायचं. अडलंच तर नावं छापून बघायची, किंमती नाहीत.

हे मी इथे का सांगतोय? आपण सगळेच आता घरात, कामात ‘ज्याला सगळं माहीत आहे’ असे झालो आहोत. आईच्या गोळ्या कोणत्या वेळी, विम्याचे कागद कुठल्या फाइलीत, सोसायटीच्या पंपाचा व्हॉल्व्ह कुठे, हे एकाच्याच डोक्यात असतं. तो माणूस दवाखान्यात दाखल झाला की घर अडतं. आपल्या जागी उद्या अगदी नवखं कुणी आलं, तर त्याला काय काय माहीत नसेल, याचा विचार करून ते लिहून ठेवा. आणि बँकेचा पिन त्याच कागदावर लिहू नका!

सर, बाई, हे सगळं मराठीत सांगता आलं, ते तुमच्यामुळेच.