बाळाचे पहिले अन्न आणि आपले शिवार

(स्तनपान सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सप्ताहात आईच्या दुधाची थोरवी सांगितली जाते. यंदा एका अवघड प्रश्नाविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही घेतो.

गेल्या हिवाळ्यात इंदापूरच्या द्राक्षपट्ट्यातील एक बाळंतीण आपल्या प्रसूती विभागात होती. पहिलटकरीण, दूध उत्तम. तिसऱ्या दिवशी तिने बाळाला अंगावर पाजणे एकाएकी थांबविले. बागेत मारलेले औषध आईच्या दुधात उतरते आणि मुलग्याच्या पुढील आयुष्यावर त्याचा परिणाम होतो, असे घरातील कोणीतरी वाचले होते. सासूबाईंनी भुकटीचा डबाही आणविला होता. परिचारिकेने पुष्कळ समजावले; परंतु "दुधात काहीच नसते, असे लिहून द्याल का?" या प्रश्नापाशी ती थांबली. आम्हीही थांबलो. तसे लिहून देणे असत्य ठरले असते.

आम्ही हिशेब पाहणारी माणसे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हा विषय समजावून सांगितला, तेव्हा तो आम्हाला खतावणीसारखा वाटला. डीडीटीसारखी द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात. वर्षानुवर्षे अन्नातून कणाकणाने येणारी ही रक्कम खर्ची पडत नाही. मागील बाकी पुढे ओढली जाते. दुधातील स्निग्धांश तयार होताना आईच्या अंगची चरबी वापरली जाते आणि त्या बाकीचा काही भाग बाळाच्या खाती वर्ग होतो. पहिल्या बाळाच्या वाट्याला तो सहसा अधिक येतो.

या विषयावरील डेन्मार्क व फिनलंडमधील एक महत्त्वाचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. १३० मातांचे दूध तपासण्यात आले. त्यांपैकी ६२ जणींच्या मुलग्यांचे वृषण जन्मतः खाली उतरलेले नव्हते. बहुतेक कीटकनाशकांचा एकेकटा विचार केला असता ठळक फरक दिसला नाही. मात्र सर्वाधिक आढळणाऱ्या आठ द्रव्यांचा एकत्रित विचार करता या ६२ जणींच्या दुधात त्यांचे प्रमाण अधिक भरले. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. वृषण खाली उतरण्याची क्रिया मुख्यतः गर्भातच घडते. म्हणजे दोष पाजण्याकडे जात नाही. गरोदरपणी आईच्या शरीरात काय होते, त्याची साक्ष ते दूध देत होते. साक्षीदारालाच आरोपी ठरविणे योग्य नव्हे.

आणि डबा तरी निर्मळ होता काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९३ च्या पाहणीत बारा राज्यांतील गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले गेले. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी आढळले. मर्यादेपेक्षा अधिक अंश असलेले नमुने महाराष्ट्रात ७४ टक्के होते. बाळांच्या भुकटीच्या १८६ नमुन्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी होते आणि ९४ टक्क्यांत एचसीएच, म्हणजे आपले शेतकरी ज्याला बीएचसी पावडर म्हणत तेच. हे आकडे जुने आहेत. शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. तथापि आईचे दूध सोडून बाळ विषापासून दूर जाते हा समज तेव्हाही खरा नव्हता. आणि जंतुसंसर्गापासून आईचे दूध जे संरक्षण देते ते कोणत्याही डब्यात मिळत नाही.

केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर दोन दशकांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील पाड्रे गावच्या ११७ मुलग्यांची तपासणी केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची वयात येण्याची प्रक्रिया लांबल्याचे दिसले. हे औषध आपल्याही दुकानांत मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली.

आता आपल्या भागाकडे वळू. नीरेच्या कालव्याने ऊस आणला, ठिबकाने द्राक्ष-डाळिंब आणले, आणि त्या उत्पन्नातून या रुग्णालयाला देणग्याही मिळाल्या. बागायतदारांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅटच्या अंशापायी आपले कंटेनर तेथे अडकले, तेव्हाचा हाहाकार येथील अनेकांना आठवत असेल. परदेशी ग्राहकाच्या ताटाची एवढी काळजी घेणाऱ्या शिवारात घडांची विरळणी करणाऱ्या गरोदर बाईने फवारणीनंतर किती दिवसांनी बागेत पाऊल टाकावे, हे मात्र कोणी विचारीत नाही. फवारणीचे कपडे ती घरच्या धुण्यातच हाताने धुते. रिकामा कॅन घासून पाण्याला घेतला जातो. आजची औषधे डीडीटीइतकी शरीरात टिकत नाहीत हे खरे. म्हणून ती गर्भाला निरुपद्रवी, असे होत नाही.

स्वीडनमध्ये डीडीटीवर बंदी आल्यानंतर मातांच्या दुधातील त्याचे प्रमाण वर्षागणिक घटत गेले. तेथे माता त्याच होत्या, पाजणेही तसेच होते. बदलले ते शिवार.

त्या बाळंतिणीला डॉक्टरांनी हे सर्व दडवादडवी न करता सांगितले. "अंश असू शकतो, तरीही तुझेच दूध त्याला उत्तम," हे उत्तर तिला पटले. त्या सायंकाळी तिने बाळाला घेतले. सासूबाईंनी डबा बॅगेत ठेवला, फेकला नाही. त्यांची भीती आम्ही समजू शकतो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रत्येक नवजात मुलग्याचे वृषण खाली उतरले आहेत काय, याचा स्वतंत्र रकाना तपासणीच्या कागदावर घातला. सहा महिन्यांपर्यंत ते न उतरल्यास शल्यचिकित्सकांना दाखवावे लागते. आपल्याकडे अनेकदा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर आईवडील येतात, संकोचाने. दुसरे, गरोदर स्त्रियांच्या नोंदणीच्या वेळी घरी फवारणी कोण करते, कपडे कोण धुते, औषधे कोठे ठेवली जातात, हे विचारण्यास आरंभ केला.

ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारण्या वाढतात. त्याआधी दोन परिचारिकांनी द्राक्षपट्ट्यातील वस्त्यांवर जाऊन गरोदर स्त्रियांना व त्यांच्या घरच्या पुरुषांना भेटावे, असा आमचा मानस आहे. प्रवासखर्च व छपाईसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष उघडण्याची विनंती आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे. रक्कम मोठी नाही. बागायतदार देणगीदारांकडून आम्हाला पैशापेक्षा एवढेच हवे आहे, की परिचारिका येतील त्या दिवशी बागेतील बायकांना एक तास मोकळे सोडावे, आणि त्या तासाची मजुरी कापू नये.