खोलीस खिडकी आहे काय?

पोरगा मुंबईस निघाला म्हणजे आपण पगार विचारतों. खोलीस खिडकी आहे कीं नाहीं, हें विचारीत नाहीं. आम्हीहि विचारलें नाहीं. आमचा धाकटा भाऊ दहाजणांच्या खोलींत राहिला व दोन वर्षांत क्षय घेऊन परतला. सहा महिने नेमानें औषध घेतलें तेव्हां उठला. लोक म्हणाले, दारू पीत असेल. अहो, क्षयाचे जंतु खोकल्याबरोबर हवेंत येतात व कोंदट खोलींत तासन्‌तास तरंगतात. त्यांत पोट अर्धें!

गरिबाच्या माथीं दोष मारणें जुनेंच. १८९६ सालीं मुंबईंत मांडवीस प्लेग निघाला, तेव्हां चाळकऱ्यांच्या घाणीकडे बोट दाखविलें. ‘दीनबंधु’चे नारायण मेघाजी लोखंडे १८९७ सालीं त्याच प्लेगानें गेले. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हें सिमों या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखविलें. आणि उंदीर पोसले कोणीं? मांडवीच्या धान्याच्या वखारींनीं! पुढें इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें घरें पाडलीं पुष्कळ, प्रथम बांधलीं थोडीं; उठविलेले लोक शेजारच्या चाळींत शिरले, दाटी वाढली.

आतां आमचा पुतण्या निघाला आहे. पहिल्या पत्रांत काय लिहावें तें त्यास सांगितलें आहे: खोलींत माणसें किती, खिडकी कोठें उघडते, आणि खोकणाऱ्यास दवाखान्यांत कोणी नेलें काय.